बीन्स आणि कॉर्नब्रेडची मारामारी

दुपारपासून एक भांडं रटरटतंय. त्यात बीन्स शिजतायत, आपल्या राजम्याचे भाऊबंद. तासन्‌तास शिजून ते टम्म फुगलेत आणि आता त्यांचं डोकंही तापलंय. समोर उभा आहे कॉर्नब्रेड, मक्याच्या पिठाचा पाव. बीन्स त्याला असा ठोसा लगावतो की कॉर्नब्रेड दिसेनासाच होतो. पण तो हार मानत नाही. म्हणतो, ठीक आहे, उद्या रात्री कोपऱ्यावर भेट, मग बघतो तुझ्याकडे.

लुई जॉर्डन आणि त्याच्या ‘टिम्पनी फाइव्ह’ या बँडचं ‘बीन्स अँड कॉर्न ब्रेड’ हे गाणं असं सुरू होतं. १९४९ साली डेका कंपनीनं त्याची तबकडी काढली आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ते पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. मीही हसलो होतो. दोन खाद्यपदार्थ गल्लीतल्या पोरांसारखे भांडतात, यात हसण्याजोगं नाही तर काय आहे? पण पुनःपुन्हा ऐकल्यावर जाणवायला लागतं की यातलं काहीही सहज सापडलं म्हणून ठेवलेलं नाही. हेच दोन पदार्थ का, ते भांडून पुन्हा एकत्र का येतात, शेवटी येणारी ती लांबलचक यादी कशासाठी, आणि हे सगळं अशा उड्या मारणाऱ्या तालावर का? या प्रत्येक ‘का’मागे शंभर-दोनशे वर्षांचं जगणं आहे. ते माहीत झालं की गाणं जास्त हसवतं आणि जास्त आत जातं, असा माझा अनुभव आहे.

थोड्या माणसांचा मोठा आवाज

या गाण्याच्या प्रकाराला जंप ब्लूज म्हणतात. नाव अवघड वाटलं तरी गोष्ट सोपी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत मोठमोठ्या नाच-बँडचं राज्य होतं. पंधरा-सोळा वादक, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या रांगा, समोर सूट घातलेला बँडचा म्होरक्या. या संगीताला स्विंग म्हणत. मग दुसरं महायुद्ध आलं. वादक लष्करात भरती झाले. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, त्यामुळे एवढा लवाजमा गावोगाव फिरवणं परवडेना. १९४२च्या ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. १९४४मध्ये नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसला. मोठा बँड पोसणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं झालं.

टिकले ते छोटे बँड. पाच, सहा, फार तर सात माणसं. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: नाचायला आलेल्या तुडुंब गर्दीला पंधरा जणांचा जोश सात जणांत कसा द्यायचा? त्यांनी उत्तर शोधलं ते असं. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्याचा, साधा सांगाडा घ्यायचा, त्याखाली पियानोच्या डाव्या हाताची बुगी-वुगी लय घालायची, सॅक्सोफोननं गाण्यापेक्षा ओरडायचं, आणि गायकानं माइकसमोर गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर ठरू नयेत इतकी ही लय उसळती, म्हणून ‘जंप’.

इथे भारताशी एक खराखुरा धागा आहे आणि तो मला फार आवडतो. त्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या असत, आणि शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो स्राव सोडतात तो खरवडून, वितळवून तयार केलेली. जगाची बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची. युद्धामुळे जहाजं अडली, उरलेली लाख लष्करी कामांसाठी राखून ठेवली गेली, आणि अमेरिकेत तबकड्यांची इतकी टंचाई झाली की नवी तबकडी हवी तर जुनी परत आणून द्या, असं दुकानदार सांगत. छोटानागपूरच्या जंगलात गोळा झालेली लाख आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एखाद्या बारमधलं ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणारं यंत्र, यांच्यामध्ये अशी सरळ रेघ होती. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. जंप ब्लूजची गाणी इतकी आटोपशीर, इतकी ठासून भरलेली आहेत, त्याचं एक कारण हेही आहे.

या प्रकारातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे लुई जॉर्डन. जन्म ८ जुलै १९०८, आर्कान्सॉ राज्यातलं ब्रिंकली हे गाव. भोवती कापसाची शेतं. वडील जेम्स जॉर्डन संगीत शिकवायचे, गावचा ब्रास बँड चालवायचे. त्यांच्याच हाताखाली लुई क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकला. तंबू ठोकून गावोगाव फिरणाऱ्या ‘रॅबिट फुट मिन्स्ट्रेल्स’ या तमाशावजा मंडळीत त्यानं काम केलं. पुढे न्यूयॉर्कला आला आणि १९३६ ते १९३८ हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चिक वेबच्या बँडमध्ये वाजवलं. एला फिट्झजेराल्ड तेव्हा त्याच बँडमध्ये गात होती. १९३८ साली त्यानं स्वतःचा छोटा बँड काढला. ड्रमवाला टिम्पनी हे मोठे नगारेही वाजवायचा, त्यावरून बँडला ‘टिम्पनी’ नाव पडलं. पुढे नगारे गेले, वादक पाचाचे सहा-सात झाले, नाव मात्र टिकलं.

१९४०च्या दशकात या बँडनं जे केलं ते आज आकड्यांत सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत जॉर्डनची अठरा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. एकूण ११३ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, पहिली जागा त्याची होती. ‘ज्यूकबॉक्सचा राजा’ ही पदवी त्याला लोकांनी दिली ती उगाच नव्हे.

दुडकी चाल आणि बारा घरं

आता थोडं संगीताचं यंत्र उघडून बघू. घाबरू नका, आपल्या सा-रे-गवर हे सहज समजतं.

जंप ब्लूजच्या तालाचा प्राण म्हणजे शफल. एका ठोक्याचे तीन समान भाग कल्पा. पहिल्या भागावर एक आवाज, मधला भाग रिकामा, तिसऱ्या भागावर दुसरा आवाज. धाऽक, धाऽक, धाऽक. टाळ्या वाजवून बघा. ही घोड्याची दुडकी चाल आहे. ठोक्याचे दोन समान भाग केले तर चाल कवायतीसारखी होते. असमान केले की खांदे आपोआप हलतात. त्याखाली बास प्रत्येक ठोक्याला एक सूर घेत वर-खाली चालत राहतो, जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसासारखा.

ब्लूजचा नेहमीचा सांगाडा बारा घरांचा असतो. प्रत्येक घरात चार ठोके. पहिली चार घरं षड्जाच्या आधारावर, मग दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, एक पंचमाचं, एक मध्यमाचं, आणि शेवटची दोन परत षड्जावर. सा, म, प, एवढाच पाया. हा सांगाडा इतका रुळलेला आहे की ब्लूज वाजवणारे अनोळखी वादक एकत्र आले तरी तालमीशिवाय सुरू करू शकतात. गायक त्यावर जे सूर लावतो त्यातला गंधार मात्र ना पुरता कोमल ना पुरता शुद्ध, दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा. श्रुती ऐकायची सवय असलेल्या कानाला तो लगेच ओळखू येईल.

या सगळ्यावर जॉर्डनचा स्वतःचा एक गुण आहे: उच्चार. तो गाताना बोलतो आणि बोलताना गातो. एकही शब्द गिळत नाही. त्यामुळे नाचणाऱ्याला ताल मिळतो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्याला गोष्ट. बीन्सची धमकी आणि कॉर्नब्रेडचं प्रत्युत्तर तो असं म्हणतो, की एकाच गळ्यातून दोन माणसं बोलतायत असं वाटावं. मागे बँडमधली मंडळी झील धरतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, काम तेच: ओळ उचलून धरायची, दम द्यायचा, गर्दीच्या वतीनं हुंकार भरायचा.

हेच दोघे का?

आता स्वयंपाकघराकडे. माझ्या मते हे गाणं समजून घ्यायचं तर सर्वांत जास्त वेळ इथेच घालवायला हवा.

मका हे अमेरिकेच्या मूलनिवासींचं धान्य. युरोपातून आलेल्यांनी ते त्यांच्याकडून घेतलं, आणि दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलामांना शिधा म्हणून तेच मिळू लागलं. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेले. त्यांनी १८४५ साली लिहून ठेवलंय की मळ्यावरच्या प्रौढ गुलामाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे आणि एक बुशेल, म्हणजे साधारण पस्तीस लिटर मापाचं, मक्याचं पीठ मिळे. महिनाभर राबणाऱ्या माणसाचा शिधा तो. त्या पिठाचा पाव, कधी पाण्यात कालवून निखाऱ्यावर भाजलेला, कधी ताकात भिजवून बिडाच्या तव्यात भट्टीत ठेवलेला, हा दक्षिणेच्या गरिबाचा रोजचा घास झाला. काळ्याचाही आणि गोऱ्याचाही. त्याच्या जोडीला वाळवलेले बीन्स. स्वस्त, टिकाऊ, रात्री भिजवून दिवसभर मंद आचेवर ठेवता येणारे, चवीला खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा टाकला की झालं.

ही जोडी चवीमुळे टिकली, हे खरं. पण त्याहून खोल कारण शरीरात आहे. प्रथिनं बनवायला शरीराला काही ठरावीक घटक बाहेरूनच घ्यावे लागतात. मक्यात त्यातले लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे दोन कमी असतात. बीन्समध्ये लायसिन भरपूर असतं, पण मेथिओनिन कमी असतं आणि ते मका पुरवतो. एकटा मका अपुरा, एकटे बीन्स अपुरे. दोन्ही एका ताटात आले की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या वरण-भाताचं आणि भाकरी-आमटीचं गणितही हेच आहे.

एकट्या मक्यावर जगणाऱ्यांचं काय होतं, हे दक्षिणेनं फार जवळून पाहिलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्रा नावाच्या रोगानं थैमान घातलं. अंगावर उन्हानं भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, मग भ्रम, आणि हजारोंच्या बाबतीत मृत्यू. लोकांना वाटे हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारी आरोग्य खात्यानं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठवलं आणि त्यानं दाखवून दिलं की दोष जंतूचा नाही, ताटाचा आहे. गरिबाच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी एवढंच होतं. दूध, मांस, कडधान्यं मिळाली की माणसं बरी होत. नायसिन या जीवनसत्त्वाची ती कमतरता होती, हे १९३७ साली कळलं. मक्यात नायसिन असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की पोटाला घेता येत नाही. मूलनिवासी मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळत, त्यानं ते मोकळं होई. युरोपीयांनी त्यांच्याकडून धान्य घेतलं आणि ही रीत मात्र मागे ठेवली. त्या चुकीची किंमत कित्येक पिढ्यांनी मोजली. पेलाग्रा आपल्या दख्खनलाही परका नाही. ज्वारीशिवाय ताटात फारसं काही नसलेल्या गरिबांमध्ये तो इथेही आढळलेला आहे.

लुई जॉर्डनचं बालपण याच दक्षिणेत, याच वर्षांत गेलं. म्हणून गाण्यात बीन्स पडलेल्या कॉर्नब्रेडला म्हणतो, ऊठ बाबा, आपण दोघं हातात हात घालून चालणारे, तेव्हा ती मला नुसती गंमत वाटत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी या दोन पदार्थांवर पोरं जगवली, ते लोक हे ऐकत होते. त्यांना जीवनसत्त्वांची नावं माहीत असण्याची गरज नव्हती. ताटातून यातला एक गेला की काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

प्रवचन सुरू होतं

मारामारी बरीच रंगते. कुणी कुणाचा पाय धरतो, कुणी डोक्यात हाणतो, कॉर्नब्रेड मेलो-मेलो करतो. आणि मग गाणं वळण घेतं. मारणारा बीन्सच समेटाला येतो, आणि जॉर्डनचा आवाज हळूहळू चर्चमधल्या धर्मोपदेशकाचा होत जातो. कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन कसं चालतं ते एकदा ऐकलेला माणूस हे लगेच ओळखतो. उपदेशक एक वाक्य टाकतो, लोक प्रतिसाद देतात, तो त्याच वाक्याचा साचा धरून दुसरं टाकतो, आवाज चढत जातो, बोलणं गाणं होतं. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवांचा आवाज चढू लागला की टाळकरी पुढे सरकून बसतात, तो क्षण आठवा.

जॉर्डन त्या साच्यात देवाचं नाव घेत नाही. तो खाद्यपदार्थांच्या जोड्या घालतो. आपण एकत्र राहायला हवं, अमुक आणि तमुकसारखं. वीनर सॉसेज आणि आंबवलेली कोबी. हॉट डॉग आणि मोहरीची चटणी. मधेच, खाण्याच्या यादीत बसत नसलेली एक जोडी: बहिणी आणि भाऊ. चर्चमध्ये एकमेकांना हाक मारायची रीत हीच आहे, ब्रदर अमुक, सिस्टर तमुक. ही जोडी तो ठासून म्हणत नाही, थांबून म्हणत नाही, सॉसेज आणि पुढे येणाऱ्या डुकराच्या आतड्यांच्या मधे सरकवून पुढे जातो. गाण्यातली सगळ्यात हुशार जागा कोणती असं मला कुणी विचारलं तर मी या जागेवर बोट ठेवीन.

पुढे यादी सुटते ती सुटतेच. चिटलिन्स आणि बटाट्याचं सॅलड. चिटलिन्स म्हणजे डुकराची आतडी, आपल्याकडे वजडी म्हणतात त्या जातीचा प्रकार. मालकांच्या घरी मांस जाई, गुलामांच्या वस्तीत आतडी येत, आणि तीच घासून, धुऊन, तासन्‌तास शिजवून त्यांनी सणासुदीचा पदार्थ केला. स्ट्रॉबेरी आणि शॉर्टकेक. कॉर्न्ड बीफ आणि कोबी, हे आयरिश स्थलांतरितांनी अमेरिकेत रूढ केलेलं. त्यातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही बरं का, ते गोमांस खारवायला वापरतात त्या जाड्याभरड्या मिठाच्या कणांवरून आलंय. कलेजी आणि कांदा. राजमा आणि भात, हा न्यू ऑर्लीन्सचा सोमवारचा बेत. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला तो इतका प्रिय होता की पत्राखाली सही करताना तो ‘तुमचा राजमा-भातपूर्वक’ अशा अर्थाचं लिहायचा. मग बेगल आणि लॉक्स, म्हणजे पाण्यात उकळून मग भाजलेला कड्याच्या आकाराचा पाव आणि त्यावर खारवलेला सामन मासा, न्यूयॉर्कच्या ज्यू मंडळींच्या रविवारच्या न्याहारीतला. आणि गरम पॅनकेकवर मोलॅसिस, आपल्या काकवीची सख्खी बहीण.

ही यादी नकाशासारखी वाचून बघा. चिटलिन्स, राजमा-भात आणि मोलॅसिस दक्षिणेतून आले. आंबवलेली कोबी आणि सॉसेज जर्मन लोकांकडून. कॉर्न्ड बीफ आयरिश. बेगल पूर्व युरोपातल्या ज्यूंचा. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांत गेली. वंशभेदाच्या कायद्यांपासून, झुंडीच्या हिंसेपासून आणि कापसाच्या शेतीतल्या कर्जापासून पळून. जॉर्डन त्यांतलाच एक. तिथे शेजारच्या गल्लीत कुणाचं बेगलचं दुकान होतं, कुणाचा खाटीकखाना. गाणं दक्षिणेच्या चुलीवर सुरू होतं आणि यादी संपेपर्यंत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येतं. स्थलांतराचा एवढा मोठा इतिहास, आणि तो सांगायला या गाण्याला खाण्याच्या पदार्थांपलीकडे फारसे शब्द लागले नाहीत.

साल आठवा. १९४९. त्याआधीच्याच वर्षी, जुलै १९४८मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला होता. दक्षिणेतल्या हॉटेलांत काळा आणि गोरा अजूनही एका टेबलाशी बसू शकत नव्हते. जॉर्डनच्या कार्यक्रमांनाही तिथे श्रोत्यांची वाटणी केलेली असे. अशा वेळी हा माणूस माइकसमोर उभा राहून आयरिश, ज्यू, जर्मन आणि काळ्यांचे पदार्थ एका दमात म्हणतो आणि सांगतो, आपण यांच्यासारखं राहायला हवं. जॉर्डन राजकीय भाषणं करणारा माणूस नव्हता आणि हे गाणं घोषणा म्हणून लिहिलं गेलं असं मला म्हणायचं नाही. भांडण घरातलं आहे, दोन गरिबांमधलं आहे, आणि बहुधा आधी घरातल्यांनाच ते सांगितलंय. पण यादीत कोणकोण आहे हे ऐकणाऱ्याला ऐकू येत होतंच.

थोडं अवघड बोलायचं आहे

जॉर्डनच्या खाण्यावरच्या आणि कोंबड्यांवरच्या विनोदी गाण्यांकडे काही जण त्या काळीही आणि नंतरही संशयानं बघत आले. संशयाला कारण आहे. अमेरिकेत शंभर वर्षं गोरे नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर येत आणि काळ्या माणसाला खादाड, कोंबडीचोर, कलिंगडासाठी हपापलेला म्हणून दाखवत. खाणं हे त्या टिंगलीचं ठरलेलं हत्यार होतं. मग त्याच विषयावर एका कृष्णवर्णीय कलाकारानं हसवावं का?

मी या गाण्यापुरतं सांगतो. यात खाणारा माणूसच नाही. कुणी हपापलेलं नाही, कुणी चोरत नाही. पदार्थच माणसं झाले आहेत, त्यांना मान-अपमान आहे, राग आहे, शहाणपण आहे. दुसऱ्यांनी ज्या ताटाची टिंगल केली ते ताट इथे स्वतः बोलतं, आणि शेवटी प्रवचन देण्याइतकं मोठं होतं. टिंगलीत आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या माणसांत बसून आपल्या भाजी-भाकरीवर हसणं आणि परक्यानं त्यावरून हिणवणं या दोन गोष्टी एक नव्हेत, हे गरिबीतून आलेल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही.

गाण्याच्या श्रेयनामावलीत फ्रेडी क्लार्क आणि फ्लीसी मूर अशी दोन नावं आहेत. फ्लीसी मूर ही जॉर्डनची पत्नी. एका प्रकाशन कंपनीशी असलेल्या करारातून वाट काढायला त्यानं काही गाण्यांवर तिचं नाव घातलं होतं. पुढे दोघं वेगळी झाली आणि ‘कॅल्डोनिया’सारख्या त्याच्या गाजलेल्या गाण्याचे हक्क तिच्याकडेच राहिले.

हा ताल पुढे कुठे गेला

१९४९च्या जून महिन्यात ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं आपल्या यादीचं नाव बदललं. तोवर कृष्णवर्णीयांच्या संगीताला ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे सरळसरळ वंशाच्या नावानं ओळखत. जेरी वेक्सलर या तिथल्या पत्रकारानं ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव सुचवलं आणि तेच रूढ झालं. नव्या नावाच्या यादीत सुरुवातीलाच ज्यांनी राज्य केलं त्यांत जॉर्डन होता.

डेकामध्ये जॉर्डनच्या गाण्यांची निर्मिती सांभाळायचा तो मिल्ट गॅब्लर. १९५४ साली त्याच गॅब्लरनं बिल हेली या गोऱ्या गायकाचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित केलं, आणि जॉर्डनकडची लय आपण हेलीच्या बँडला शिकवली हे त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं. जॉर्डनचा गिटारवादक कार्ल होगन यानं १९४६च्या एका गाण्याच्या सुरुवातीला वाजवलेली सुरावट रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक चक बेरी यानं ‘जॉनी बी. गुड’ या गाण्याच्या तोंडाशी जवळजवळ जशीच्या तशी वापरली. रॉक अँड रोल जन्मलं तेव्हा त्याचं पाळण्यातलं अंगडं जॉर्डनच्या घरचं होतं. पैसा आणि नाव मात्र बरंचसं दुसऱ्यांकडे गेलं. तो ४ फेब्रुवारी १९७५ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं १९८७ साली.

मराठी कानाला हा ताल अगदीच अनोळखी नाही. मुंबईत १९३०च्या दशकापासून कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलात वाजवत होते, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकत होते. अंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांतले सर्वांत गाजलेले. पुणतांब्याहून आलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी या गोवेकर वादकांना हाताशी धरून हिंदी चित्रपटसंगीतात स्विंग आणला. १९५७चं ‘ईना मीना डीका’ ज्यांनी लग्नाच्या वरातीत बँडवर ऐकलंय त्यांचे पाय या तालाच्या शाखेवर आधीच नाचून झालेले आहेत.

कसं ऐकावं

पहिल्या खेपेला शब्दांकडे लक्षच देऊ नका. फक्त बास आणि ड्रम ऐका, दुडकी चाल अंगात भिनू द्या. दुसऱ्या खेपेला जॉर्डनचे दोन आवाज वेगळे करा, बीन्सचा कुठला आणि कॉर्नब्रेडचा कुठला. तिसऱ्या खेपेला मागची मंडळी काय करतात ते ऐका, ते कधी चिथावतात, कधी दुजोरा देतात, आणि प्रवचन सुरू झाल्यावर ते बँडवाले न राहता चर्चमधली मंडळी कसे होतात. त्यानंतर यादी. प्रत्येक जोडीला तो एकच लांबीची जागा देत नाही. काही भरभर टाकतो, काहींवर रेंगाळतो, एखादा पदार्थ अशा चवीनं उच्चारतो की तो त्याच्या आवडीचा असणार याबद्दल शंका राहत नाही.

जमलं तर ऐकण्याआधी तयारी करा. राजमा रात्री भिजवा, सकाळी कांदा, लसूण आणि तमालपत्र घालून मंद आचेवर ठेवा. शिट्ट्या काढल्या तरी चालतं, पण उघड्या भांड्यात शिजवले तर ते फुगत, एकमेकांवर आपटत कसे वर येतात हे दिसतं, आणि मग गाण्यातला बीन्स एवढा चिडलेला का आहे ते कळतं. मक्याचं पीठ ताकात भिजवा, थोडा सोडा, मीठ आणि अंडं घाला, बिडाचा खोलगट तवा सणसणीत तापवून त्यात तूप सोडा आणि मग पीठ ओता. चर्र आवाज झाला पाहिजे. झाकण घालून बारीक आचेवर ठेवलं तरी खालून खरपूस होतो. आमच्याकडे पहिल्यांदा केला तेव्हा कडा करपल्या आणि मधला भाग कच्चा राहिला. दुसऱ्यांदा चांगला झाला. तो मोडून राजम्याच्या रश्शात बुडवला, तेव्हा गाणं चालूच होतं आणि जॉर्डन काकवीपर्यंत पोहोचला होता.